गाठ आणि डाळ

देऊळगाव राजाच्या बाजारपेठेत तीन पिढ्या कापडाचा व्यवसाय करणाऱ्या एका जैन कुटुंबात १९९९ च्या दिवाळीत पहिला संगणक आला. बालाजीच्या यात्रेचा हंगाम नुकताच आटोपला होता, गल्ल्यात चार पैसे खेळत होते आणि जालन्याचे घाऊक व्यापारी आता हिशेब ‘टॅली’वर ठेवू लागले आहेत, हे घरातील कर्त्या पुरुषाने स्वतः पाहिले होते. दुकानाच्या मागील खोलीत, जेथे पूर्वी मुनीमजींची गादी असे, तेथे टेबल मांडून संगणकाची स्थापना झाली. महावीर निर्वाणाच्या सायंकाळी वहीपूजन झाले, तेव्हा नव्या रोजमेळाशेजारी संगणकाच्या पेटीवरही कुंकवाने स्वस्तिक रेखाटण्यात आले. घरातील आजींनी दुरूनच हात जोडले आणि विचारले, “यात किती वह्या मावतात?”

प्रश्न साधा होता, पण पुढील काही वर्षे त्या घराला तोच प्रश्न पुरला.

संगणकाच्या हार्ड डिस्कची क्षमता होती ४.३ जीबी. आज हातातील साध्या मोबाइलमध्ये याच्या कित्येक पट जागा असते. पण त्या काळी ती एखाद्या कोठारासारखी वाटे. हिशेबाची सारी खाती तिच्या एका कोपऱ्यात बसली. मग २००० साली वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या धाकट्या मुलाने हट्टाने स्कॅनर आणवला आणि घरातील जुनी छायाचित्रे संगणकात साठवण्याचा संकल्प सोडला. आजींच्या खोलीतील पत्र्याच्या ट्रंकेत सुमारे सहाशे छायाचित्रे होती. लग्ने, मुंजीच्या वयाची मुले, दीक्षा समारंभ, पंचकल्याणक महोत्सव, दुकानाचे जुने फळे आणि यात्रा. ट्रंकेची किल्ली आजींकडे असे. छायाचित्र कोणाचे, कोठले, त्या दिवशी कोण रुसले होते आणि कोणाचा उपवास होता, हे सारे त्यांना मुखोद्गत होते.

व्यापाऱ्याच्या घरातील मुलगा कामाला हात घालण्यापूर्वी आकडा मांडतो. त्यानेही मांडला. सहा इंच रुंद आणि चार इंच उंच असे एक रंगीत छायाचित्र दर इंचास ३०० ठिपके घेऊन स्कॅन केले, तर १८०० गुणिले १२००, म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट धरल्यास एका छायाचित्रास ६४ लाख ८० हजार बाइट, म्हणजे जवळजवळ साडेसहा एमबी लागतात. अशी सहाशे छायाचित्रे म्हणजे सुमारे ३.९ जीबी. थोडक्यात, आठवणी ठेवायच्या तर हिशेब बाहेर काढावे लागतील, अशी स्थिती. बाहेर नेण्याचे साधन म्हणजे फ्लॉपी. तिची क्षमता १.४४ एमबी. असे एक छायाचित्र पाच फ्लॉप्यांवर तुकडे करून न्यावे लागले असते.

संगणकशास्त्राने यावर उपाय शोधून ठेवला होता. त्याचे नाव संक्षेपण, म्हणजे कॉम्प्रेशन. मुलाला तो उपाय ठाऊक होता. पण त्याचे दोन प्रकार आहेत, आणि त्या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे त्याच्या ध्यानी आले नव्हते.

वऱ्हाडातील माणसाला हा भेद समजावून सांगण्यास बाहेरचे दृष्टांत लागत नाहीत. जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी होते आणि उरलेली रुई प्रेसमध्ये दाबून १७० किलोची गाठ बांधली जाते. मोकळी रुई ट्रकमध्ये भरली, तर निम्मे भाडे हवेचेच द्यावे लागेल. गाठ मात्र थोड्या जागेत बसते, आणि गिरणीत पट्ट्या तोडल्या की रुई पुन्हा फुलते. तंतू तेच, वजन तेच. संक्षेपणाचा पहिला प्रकार हा असा. कोऱ्या कागदाच्या चित्रात एकापाठोपाठ चारशे पांढरे ठिपके आले, तर ‘पांढरा’ हा शब्द चारशे वेळा न लिहिता ‘पांढरा, चारशे वेळा’ असे लिहावयाचे. मुनीमजी खतावणीत तोच मजकूर पुनःपुन्हा न लिहिता ‘सदर’ लिहीत, त्यातलाच हा प्रकार. ‘झिप’ फाइल याच जातीची. १९८७ साली आलेला ‘जीआयएफ’ हा चित्रांचा प्रकारही मुळात याच पद्धतीने दाबतो. मात्र त्यात २५६ च रंग मावतात, म्हणून छायाचित्रांस तो अपुरा पडतो.

दुसरा प्रकार म्हणजे डाळ. तूर भरडली की टरफल निघते, चुणी निघते, दाण्याचे दोन भाग होतात. डाळ साठवण्यास सोपी, शिजण्यास लवकर, खाण्यास उत्तम. तिच्यात काही उणे आहे असे ताटात वाढल्यावर कोणालाच वाटत नाही. पण डाळ पेरली तर उगवत नाही. १९९२ साली मान्यता पावलेला ‘जेपीईजी’ हा छायाचित्रांचा प्रकार या दुसऱ्या जातीचा आहे.

त्याच्या मुळाशी एका भारतीयाचे गणित आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. बंगळूर येथे जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत अध्यापन करीत होते. त्यांनी १९७२ साली मांडलेल्या संशोधन प्रस्तावास तेथील अनुदान संस्थेने पैसे नाकारले. तरीही काम चालू ठेवून त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ च्या जानेवारीत आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. आज जगभर मोबाइलवरून फिरणाऱ्या बहुतेक छायाचित्रांचा भार त्याच गणिताने हलका केलेला असतो.

त्याची रीत थोडक्यात अशी. चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे लहान चौकोन पाडावयाचे. माणसाचा डोळा उजेड-अंधारातील फरक बारकाईने टिपतो, रंगांतील फरक तितका टिपत नाही. म्हणून रंगाची नोंद विरळ ठेवावयाची. मग प्रत्येक चौकोनात ढोबळ बदल किती आणि सूक्ष्म बदल किती, हे वेगळे काढून सूक्ष्म बदलांचे आकडे मोठ्या संख्येने भागावयाचे आणि उत्तर पूर्णांकात धरावयाचे. असे करताना त्यांतील बरेचसे शून्य होतात, आणि शून्यांना जागा लागत नाही. हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर ही कंपनीचा ताळेबंद लाख रुपयांत छापण्याची पद्धत आहे. भागधारकाला तेवढे पुरते. पण त्या छापील ताळेबंदावरून मूळ खतावणी पुन्हा लिहून काढीन असे कोणी म्हणेल, तर ते शक्य नाही. सोडलेले पैसे आणि रुपये त्या कागदात कोठेच उरलेले नसतात.

मुलाने सुटीत अहोरात्र बसून काम केले. भारनियमन असे, त्यामुळे वीज येईल त्या वेळी उठावे लागे. जागा वाचावी म्हणून त्याने प्रत्येक छायाचित्राची रुंदी १८०० वरून ६४० ठिपक्यांवर आणली आणि गुणवत्तेचा काटा बराच खाली ओढून ते ‘जेपीईजी’त ठेवले. कोठे उजेड वाढविण्यासाठी, कोठे चित्र सरळ करण्यासाठी तीच फाइल पुन्हा उघडून पुन्हा साठविली. प्रत्येक वेळी भरडलेली डाळ आणखी एकदा भरडली जात होती. पण पडद्यावर ते कळत नव्हते. शेवटी एक छायाचित्र सरासरी ४५ केबीत बसले, म्हणजे मूळ आकाराच्या १४४ व्या भागात. सहाशे छायाचित्रे २७ एमबीत आली आणि १९ फ्लॉप्यांवर मावली.

घरात आनंद झाला. वडिलांना तर त्यात धर्मतत्त्वच दिसले. परिग्रहपरिमाण हे श्रावकाचे पाचवे अणुव्रत; थोडक्यात भागवावे, हा या घराचा बाणा. पाहुणे आले की ते अभिमानाने दाखवीत, “अख्खी ट्रंक या एका डबीत आहे.” आणि मग जे ओघाने यावयाचे तेच झाले. ट्रंकेची गरज उरली नाही. आजींच्या खोलीत नवे कपाट आले आणि ट्रंक माडीवर गेली. माडीचे पत्रे दोन पावसाळे गळले, ते धान्याची पोती भिजली तेव्हा ध्यानात आले. ट्रंकेकडे मात्र कोणी पाहिले नाही.

२००८ च्या हिवाळ्यात आजी गेल्या. शांतपणे, सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून, णमोकार मंत्र ऐकत. दुसऱ्या दिवशी भिंतीवर लावण्यासाठी छायाचित्राचा शोध सुरू झाला. आजींना छायाचित्र काढून घेण्याचा मनस्वी कंटाळा. कॅमेरा दिसला की त्या पदर पुढे ओढीत. एकाच छायाचित्रात त्या मोकळ्या हसल्या होत्या. १९८६ साली शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या यात्रेत काढलेले, तीस-पस्तीस माणसांचे ते समूहचित्र होते. मुलाने ते संगणकात तत्काळ शोधून काढले. नेमका तोच चेहरा निवडून मोठा करण्यासाठी छायाचित्रकाराकडे पाठविला.

छायाचित्रकाराने थोड्या वेळाने निरोप धाडला, “यात चेहराच नाही.”

मुलाने पडद्यावर चित्र वाढवून पाहिले. आजींचा चेहरा मूळ चित्राच्या रुंदीचा विसावा भाग होता. ६४० ठिपक्यांचा विसावा भाग म्हणजे ३२ ठिपके. आठ ठिपक्यांचा एक चौकोन. म्हणजे कपाळापासून कपाळापर्यंत अवघे चार चौकोन. डाव्या भुवईवर लहानपणी पाटा लागून झालेली खूण होती. नातवंडे त्या खुणेवर बोट ठेवून गोष्ट सांगण्याचा आग्रह धरीत. तेथे एक करडा चौकोन होता. हसू होते, असे ज्यांना ठाऊक होते त्यांनाच ते दिसत होते.

माडीवरील ट्रंक उघडली तेव्हा छायाचित्रांचे थर एकमेकांस चिकटून त्यांची वीट झाली होती. शिरपूरचे छायाचित्र वेगळे करताना त्याचा रंगीत पापुद्रा खालच्या छायाचित्राच्या पाठीला चिकटून गेला.

वडील रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “मूळ कोणाकडे असेल?”

मुलगा म्हणाला, “बाबा, चूक माझी आहे. तेव्हा जागा नव्हती.”

“जागा नव्हती, हे खरे. पण बियाणे कोणी भरडायला देतो का रे?”

त्या वाक्याचे उत्तर मुलाने नंतर स्वतःच आकड्यांत शोधले, आणि ते अधिक बोचरे निघाले. रुंदी कमी न करता, गुणवत्तेचा काटा वर ठेवून छायाचित्रे केवळ दहा पट लहान केली असती, तर एकाला साडेसहाशे केबी लागले असते आणि सहाशेंना सुमारे ३९० एमबी. त्या काळी ६५० एमबीची सीडी मिळत होती आणि जालन्यास ती भरूनही मिळत असे. सारा संग्रह एका सीडीवर बसला असता. म्हणजे अडचण जागेची कमी आणि उतावळेपणाची जास्त होती.

मूळची दुसरी प्रत अखेर मिळाली. यात्रेहून परतल्यावर आजींनी एक प्रत आपल्या लेकीला, म्हणजे मुलाच्या आत्याला दिली होती. जालन्यास आत्याच्या घरी ती स्वाध्यायाच्या ग्रंथात पानखूण म्हणून बावीस वर्षे राहिली होती. रंग थोडे उतरले होते, पण चेहरा शाबूत होता. मुलाने ती स्वतः जाऊन आणली, मऊ कापडाने पुसली आणि दर इंचास १२०० ठिपके घेऊन स्कॅन केली. फाइल झाली शंभर एमबीहून मोठी. ती त्याने दाबली नाही. आता आजींच्या चेहऱ्याच्या वाट्याला ३२ ऐवजी ३६० ठिपके आले होते. भुवईवरची खूण जागेवर होती.

भिंतीवर छायाचित्र लागले. तेराव्या दिवशी आत्या त्या समूहचित्रासमोर बसल्या आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नावे सांगू लागल्या. दुसऱ्या रांगेपर्यंत त्या सुरळीत गेल्या. तिसऱ्या रांगेत अडखळल्या. “ह्या कोण, ते आईलाच ठाऊक होते,” असे म्हणून त्यांनी हात मागे घेतला. तेव्हा त्या घराला खऱ्या तुटीचा अंदाज आला. एका छायाचित्रातील माणसांची नावे, गाव आणि साल लिहिण्यास रोमन लिपीत फार तर तीनशे बाइट लागतात. सहाशे छायाचित्रांची नावे एक लाख ऐंशी हजार बाइटांत, म्हणजे एका फ्लॉपीच्या आठव्या भागात मावली असती. केबीमागून केबी वाचविण्याच्या भरात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची नोंद करावयाची राहून गेली होती. आजी तेव्हा शेजारच्याच खोलीत होत्या; त्यांना कोणी विचारले नव्हते.

वास्तविक ही शहाणीव आपल्या परंपरेला नवी नाही. संक्षेप आपल्या आचार्यांनीही केला. तत्त्वार्थसूत्रात सारे तत्त्वज्ञान साडेतीनशेच्या आसपास सूत्रांत बसविले आहे. पण सूत्राबरोबर टीकेची परंपरा चालू ठेवली, म्हणून दाबलेला अर्थ पुन्हा फुलतो. ती कापसाची गाठ आहे. षट्खंडागमावरील धवला टीकेची ताडपत्रे मूडबिद्रीस कानडी लिपीत शतकानुशतके जपली गेली. त्यांच्या प्रती होऊन डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९३९ साली आपल्याच वऱ्हाडातून, अमरावतीहून प्रसिद्ध झाला, आणि पुढे सोळा खंडांत ते काम पूर्णत्वास गेले. ग्रंथ मोठा म्हणून कोणी तो निम्मा केला नाही. प्रत करणारे लेखनिक ग्रंथाच्या अखेरीस प्रशस्ती लिहीत. प्रत कोणी केली, कोणासाठी केली, कोणत्या गावी, कोणत्या तिथीस, हे त्यात असे. मजकूर संपल्यावर उरलेल्या दोन ओळींच्या जागेत ते नावे लिहीत. आपल्या घरातील छायाचित्रांच्या पाठी मात्र कोऱ्या असतात.

आज जागेची चणचण उरलेली नाही, पण भरडणे थांबलेले नाही. व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीने पाठविलेले छायाचित्र वाटेत लहान होते. मूळ स्वरूपातच धाडावयाचे असेल, तर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे लागते. लग्नातील छायाचित्रे कुटुंबाच्या गटातून एकमेकांकडे फिरतात, प्रत्येक मोबाइलवर ‘आपल्याकडे आहे’ असे समाधान नांदते, आणि मूळ फाइल ज्याच्याकडे असते तो नवा फोन घेताना जुना विकून टाकतो. पाहण्यासाठी लहान प्रत अवश्य असावी, डाळीवाचून स्वयंपाक होत नाही. पण मूळ प्रतीस हात लावू नये, तिच्या दोन नकला दोन वेगळ्या घरी असाव्यात, आणि काही सुधारावयाचे ते नकलेवर सुधारावे. शेतकरी कितीही अडचणीत असला तरी पेरणीपुरते दाणे वेगळे बांधून ठेवतो, त्यामागील विचार हाच आहे. परिमाणव्रतही आंधळेपणाने टाकून देण्यास सांगत नाही. काय ठेवावयाचे याची मर्यादा आधी डोळसपणे ठरवावयास सांगते.

देऊळगाव राजाच्या त्या घरात पुढे एक नवी वही घातली गेली. सहाशेपैकी दोनशेच्या आसपास छायाचित्रे नातेवाइकांकडून मुळात परत मिळाली. उरलेली त्या ४५ केबींतच राहिली आहेत. मुलगा आता स्वतः दुकानाचा कर्ता आहे. रविवारी दुपारी तो जालन्यास आत्यांना फोन लावतो, पडद्यावर एक छायाचित्र घेतो आणि त्या सांगतील ती नावे वहीत उतरवितो. जे चेहरे ओळखू येत नाहीत, त्यांच्यासाठी त्याने वहीच्या शेवटी वेगळे पान राखले आहे. हिशेबात ज्या रकमेचा धनी सापडत नाही, ती मुनीमजी उचंत खात्यात घालीत आणि धनी मिळेपर्यंत ते खाते बंद करीत नसत. त्या पानावरही मथळा तोच आहे, ‘उचंत’. त्याखालील पहिली नोंद अशी आहे : शिरपूर, १९८६, तिसरी रांग, डावीकडून चौथ्या, हिरवे लुगडे, आजींच्या खांद्यावर हात.